घोड्यावरून, कुत्र्यांच्या मागे

इंग्लंडमधली कोल्ह्याची शिकार म्हटली की लाल कोटातले स्वार आठवतात. पण शिकार करत ती कुत्री, तीही नजरेपेक्षा नाकाच्या जोरावर. स्वारांनी फक्त मागून जायचं. कुत्र्यांची मोजणी जोड्यांत होते. पस्तीस कुत्री म्हणजे साडेसतरा जोड्या. त्यांचा सूत्रधार तांब्याचं वीतभर लांबीचं शिंग फुंकून त्यांना हाक देतो.

स्वारांच्या जमावापुढे एक म्होरक्या असतो. त्याला मागे टाकायचं नाही. कुत्री जवळून जाऊ लागली की घोडा थांबवून त्याचं तोंड त्यांच्याकडे वळवायचं, म्हणजे लाथ बसत नाही. लाथाडणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात. ती दिसली की अंतर राखायचं. हा साधा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. कुंपणापाशी पुढचा घोडा पार झाल्याशिवाय आपला उडवायचा नाही. पडलेल्या स्वाराच्या अंगावर घोडा आला, तर जीवच जायचा.

2004च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्हा मारण्यावर बंदी आली. ती फेब्रुवारी 2005पासून लागू झाली, आणि मला ती योग्यच वाटते. त्यानंतर आधी वास पसरून ठेवलेल्या वाटेवर कुत्री सोडण्याची पद्धत रूढ झाली.