ईदचा फोटो आणि दादींचा चेहरा

ईदला घरात शंभर फोटो निघतात, पण दादींचा चेहरा नीट दिसेल असा त्यात एखादाच सापडतो. दोष बहुधा कपड्यांचा. चौकटीत पांढरे कुर्ते अन् टोप्या जास्त झाल्या की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो चेहऱ्यांसकट सगळंच काळपट करून टाकतो. अशा वेळी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा व उजेडाची पट्टी किंचित वर सरकवा. त्याआधी लेन्स पुसून घ्या. शीरखुर्म्याच्या हातांनी ती हमखास तेलकट झालेली असते.

दादींना ट्यूबलाइटखाली नको, खिडकीपाशी बसवा; उजेड एका बाजूने येऊ द्या. (काही वडीलधाऱ्यांना फोटो आवडत नाही, तेव्हा आधी विचारावं.) फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. उभ्याने काढलेल्या फोटोत बसलेलं माणूस उगाच खुजं दिसतं. झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा.

नंतर फोटो सरळ करा, कडेची चपलांची रास कापून टाका, सावल्या थोड्या उजळा. चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर मात्र लावू नका. त्यात आपल्या दादी उरत नाहीत. छापायला मूळ फोटोच द्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत दबलेली असते.