इन्व्हर्टरच्या बॅटरीची तपासणी

चार्जिंग चालू असताना मोजलेला व्होल्टेज फसवा असतो. चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करून चार-पाच तास थांबा, मग मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ दिसले तर ती भरलेली. १२ च्या खाली बरीच रिकामी.

खरी परीक्षा मात्र हायड्रोमीटरची, तीही पूर्ण चार्जनंतर. सहाही सेलचे आकडे जवळपास सारखे हवेत. पाचांत १.२५० आणि एकात १.१५० आला, तर तो एकटा सेल सगळ्या बॅटरीला खाली ओढतो. त्यात ॲसिड ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पाणी डिस्टिल्डच घाला, खुणेपर्यंतच.

रिकामी बॅटरी तशीच पडू दिली, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. खोली हवेशीर ठेवा, जवळ काडी ओढू नका. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो.