नकळत उमटणारी पावले

१६६४ च्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा येथील इंग्रजांच्या वखारीचा कारभार जॉर्ज ऑक्झेंडन पाहत होता. त्या वखारीतून धाडलेली पत्रे व कामकाजाच्या नोंदी पुढे जतन झाल्या. १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने शिवकालीन इंग्रजी कागदपत्रे प्रसिद्ध केली आणि आमच्या इतिहास-संशोधकांना त्यांचा मोठाच आधार लाभला. वरिष्ठांना वृत्त कळावे, एवढ्याच हेतूने लिहिलेला कागद अडीचशेहून अधिक वर्षांनी निराळ्याच वाचकांपुढे आला. नोंद ज्या कामासाठी होते, त्या कामापुरतीच ती राहत नाही, हा त्यातील बोध होय.

आज सुरतेतील आपले प्रत्येक घर असे एक दप्तर झाले आहे. मात्र ते लिहिणारे आपण नाही. सकाळी दूधवाल्याला २०१६ पासून रूढ झालेल्या यूपीआयने पैसे दिले, की रक्कम आणि वेळ नोंदली जाते. फोन कोठे आहे, हे दूरध्वनी कंपनीच्या मनोऱ्यास कळते. फोनने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलीत वेळ आणि, तशी मुभा दिलेली असल्यास, स्थळही साठते. यांतील एकेक नोंद क्षुल्लक खरी. परंतु त्या एकत्र गुंफल्या, की घराची दिनचर्या परक्यासमोर उलगडते.

आपल्या समाजापुरते बोलायचे, तर विवाहाच्या परिचयपत्राचा विचार अगत्याने व्हावयास हवा. उधना-लिंबायतमधील मुलीचे परिचयपत्र व्हॉट्सअॅपवरून जळगाव, धुळे, नंदुरबारपर्यंत क्षणात पोहोचते. त्यात छायाचित्र, जन्मतारीख, वडिलांची नोकरी, मामांचे गाव, घरचा पत्ता, सारे काही असते. लग्न ठरते, मुलगी सासरी नांदू लागते. ते पत्र मात्र अनोळखी फोनांमधून फिरतच राहते. बँकेचा अधिकारी म्हणवून बोलणाऱ्या भामट्याने मामांच्या गावाचा सहज उल्लेख केला, तर सावध माणूसही फसतो.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. दिलेली संमती मागे घेणे, माहिती दुरुस्त करवून वा पुसवून घेणे, हे अधिकार त्यात आहेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मात्र आपण होऊन जाहीर केलेल्या माहितीस हे संरक्षण नाही, आणि घरगुती कारणासाठी व्यक्तींनी केलेला वापरही त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे जेथे आपण सर्वांत मोकळे असतो, तेथे आपले रक्षण आपणच करावयाचे आहे.

त्यासाठी फार खटाटोप नको. पहिल्या परिचयपत्रात शिक्षण, व्यवसाय आणि गाव एवढेच असावे. जन्मवेळ, पत्ता व दूरध्वनी क्रमांक बोलणी पुढे सरकल्यावर द्यावेत. ज्या अॅपला स्थळ कळण्याचे कारण नाही, त्याची ती मुभा काढून घ्यावी. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

सोयरीक जोडताना घराण्याची चौकशी करण्याची आपली रीत जुनी आहे. आपल्या घराची माहिती कोणाच्या हाती जाते, याचीही तितकीच चौकशी आता व्हावी.