महापौर झाले, पण ३ वर्षं त्यांच्याच पक्षाच्या नगरसेवकांनी कारभार अडवून धरला

साल होतं १९८३. शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली की महापौरपद खिशात, असं समीकरण. यावेळी मात्र उमेदवार ठरले हॅरॉल्ड वॉशिंग्टन, एक कृष्णवर्णीय नेते. महापौर जेन बर्न आणि माजी महापौरांचे चिरंजीव रिचर्ड एम. डेली यांच्यात गोऱ्यांची मतं फुटली आणि वॉशिंग्टन पुढे निघाले. त्यावर पक्षाचे कित्येक गोरे मतदार थेट रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्याकडे वळले. तरीही वॉशिंग्टन थोडक्यात जिंकले. शहराला पहिला कृष्णवर्णीय महापौर मिळाला.

खरा राडा पुढे झाला. सभागृहात नगरसेवक ५०. त्यातले २९ एड व्रडोल्याक यांच्या गटात, महापौरांकडे उरले २१. गंमत म्हणजे दोन्हीकडे बहुतेक डेमोक्रॅटच! २९ जणांनी समित्या ताब्यात घेतल्या, महापौरांनी केलेल्या नेमणुका लटकवून ठेवल्या. महापौरही काही कमी नव्हते. विरोधकांनी ठराव केला की ते नकाराधिकार वापरायचे. तो मोडायला ३४ मतं लागायची, ती आणायची कुठून? या भांडणाला नावच पडलं, 'कौन्सिल वॉर्स'.

कोंडी फुटली ती कोर्टामुळे. वॉर्डरचनेत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतदारांवर अन्याय झाला होता, म्हणून काही वॉर्डांच्या सीमा नव्याने आखाव्या लागल्या. १९८६ मध्ये ७ वॉर्डांत पुन्हा निवडणूक झाली आणि आकडा आला २५-२५ वर. बरोबरी झाली की निर्णायक मत महापौरांचं.

१९८७ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन पुन्हा निवडून आले. आता कुठे हात मोकळे झाले होते. २५ नोव्हेंबरला ऑफिसात टेबलापाशी बसलेले असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले.