परदेशी अभ्यासदौरा आणि विद्यार्थ्यांची जडणघडण

आशियातील युवकांना आपल्या देशातील विज्ञानाची ओळख करून देण्यासाठी जपानच्या विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने २०१४ मध्ये ‘साकुरा विज्ञान’ हा आदानप्रदान कार्यक्रम सुरू केला. भारताचा त्यात २०१६ मध्ये समावेश झाला आणि त्याच वर्षी एप्रिल महिन्यात भारतीय शालेय विद्यार्थ्यांची पहिली तुकडी जपानला रवाना झाली.

परदेशी सहलीचा खर्च बहुतांश पालकांच्या आवाक्याबाहेरचा असतो. या कार्यक्रमात मात्र निवड गुणवत्तेवर होते. केंद्रीय विद्यालये, शासकीय शाळा तसेच किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांना देणारी नवोदय विद्यालये यांतील मुलामुलींना त्यामुळे ही संधी लाभते.

सुमारे आठवडाभराच्या या दौऱ्यात विद्यापीठे, प्रयोगशाळा, विज्ञान संग्रहालये यांना भेटी दिल्या जातात. पाठ्यपुस्तकातील सिद्धांत प्रत्यक्ष उपयोगात आलेला पाहिला की संशोधन हेही आपल्याला साध्य होण्याजोगे क्षेत्र आहे, असा विश्वास निर्माण होतो. जपानी विद्यार्थ्यांशी संवाद साधताना इंग्रजी ही दोघांचीही परकी भाषा असते. त्यामुळे चुकण्याचा संकोच ओसरतो. तेथील विद्यार्थी आपला वर्ग स्वतः झाडतात, हे पाहून श्रमाविषयीची दृष्टीही बदलू शकते.

अर्थात, केवळ प्रवासाने हे घडत नाही. निघण्यापूर्वी त्या देशाचा अभ्यास, तेथे नियमित टिपणे आणि परतल्यावर शाळेतील इतरांपुढे अनुभवकथन, या तीन गोष्टींची जोड मिळाल्यास एका विद्यार्थ्याच्या दौऱ्याचा लाभ संपूर्ण वर्गाला होतो.