आतल्या पानावरची चौकट

सकाळी पेपर दारात पडला की आमच्या घरात त्याची वाटणी होते. आई निधनवार्ता बघते. मुलगा खेळाचं पान ओढून घेतो, कारण हंगाम सुरू असला की शाहू स्टेडियमवर काल काय झालं याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. बायको आज कुठल्या पेठेत पाणी येणार नाही ते मोठ्यानं वाचून सांगते. माझ्या वाट्याला येतं ते जाहीर नोटिसांचं पान. मी कोल्हापुरात दिवाणी बाजूची वकिली करतो. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जाण्याआधी हे पान मी पहिल्या चौकटीपासून शेवटच्यापर्यंत वाचतो. माझ्या एखाद्या अशिलाचा गट नंबर त्यात निघू शकतो, म्हणून ही सवय लागली. आता मात्र वाटतं की गावात खरोखर काय चाललंय ते पहिल्या पानापेक्षा इथे जास्त कळतं. कुणाची शेती विकली जाते आहे, कुठल्या गावच्या माळावर प्लॉट पडणार आहेत, कोण वारल्यावर कोण वारस म्हणून पुढे येतंय, कुणी मुलाशी संबंध तोडल्याचं जाहीर करतंय, सगळं इथे असतं. आणि हे पान जवळजवळ कुणीच वाचत नाही.

अशी नोटीस तयार कशी होते ते सांगतो. जमीन घेणारा माणूस कागदांची पिशवी घेऊन येतो. त्यात बहुतेक वेळा फक्त चालू सातबारा असतो आणि त्याला वाटतं तेवढ्यावर काम होईल. मी त्याला परत पाठवतो. जुने सातबारे, आठ अ, आणि सातबाऱ्यावर ज्यांचे नंबर आहेत ते सगळे फेरफार घेऊन या म्हणून सांगतो. दुय्यम निबंधक कार्यालयात मागच्या 30 वर्षांचा शोध घ्यायचा. सूची क्रमांक दोनमध्ये या मिळकतीवर खरेदीखत, गहाणखत, साठेखत, हक्कसोड असं काही नोंदलं आहे का ते बघायचं. मग फेरफार उलटे वाचत जायचे, आजच्या मालकापासून त्याच्या आजोबापर्यंत.

माझा सगळ्यात जास्त वेळ या फेरफारांत जातो, आणि जायलाच हवा. वारसाच्या नोंदीत मयताला किती मुलं आणि किती मुली होत्या ते लिहिलेलं असतं. पुढच्या पानावर मुली दिसेनाशा होतात. कधी त्यांची नावं 'इतर हक्क' या रकान्यात गेलेली असतात आणि कबजेदार म्हणून फक्त भावांची नावं लागलेली असतात. कधी थोरल्या भावाचं एकट्याचंच नाव असतं आणि त्यापुढे 'ए. कु. मॅ.' अशी तीन अक्षरं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरला वारला की त्याच्या मुलांची नावं लागतात, ती तीन अक्षरं कुणीतरी गाळतं, आणि धाकट्या भावांचं घराणं कागदावरून पुसलं जातं. 2025 साली सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मयतांच्या जागी वारसांची नावं लावायची हे काम फार आधी व्हायला हवं होतं, पण झालं ते चांगलं झालं.

शोध झाल्यावर मजकूर लिहायचा. मिळकतीचं वर्णन, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार रुपये-पैशांत, चतुःसीमा. मग ठरलेली वाक्यं: वर नमूद मिळकत आमच्या अशिलांनी खरेदी करण्याचं ठरवलं आहे, कुणाचा गहाण, दान, बक्षीस, पोटगी, वारसा, कूळ, वहिवाट असा काही हक्क असल्यास अमुक दिवसांत लेखी पुराव्यासह हरकत कळवावी, अन्यथा हक्क सोडून दिला असं समजलं जाईल. मुदत कुणी सात दिवसांची देतो, कुणी पंधरा. पेपरवाले जाहिरातीचे पैसे चौरस सेंटिमीटरवर घेतात, त्यामुळे अशिलाचा पहिला प्रश्न असतो, 'साहेब, जरा बारीक करा की.' मग अक्षर बारीक होतं, चतुःसीमा गळते, मालकाचं गाव गळतं, आणि उरतो तो गट नंबर.

माझा आग्रह इथे असतो. गट नंबर कुणाला माहीत असतो? एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, ते तलाठ्याला आणि वकिलाला ठाऊक. ज्या बाईचा त्या जमिनीत हिस्सा आहे, तिला ते शेत 'पाणंदीकडचं', 'विहिरीचं', 'देवाचा माळ' म्हणून ठाऊक असतं. म्हणून मी नोटिशीत गट नंबराच्या पुढे शेताचं चालू नाव घालतो, जुना सर्व्हे नंबर घालतो, आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं पूर्ण लिहितो. दोन ओळी वाढतात, त्या वाढू द्याव्यात. ज्याला कळावं म्हणून नोटीस द्यायची, त्यालाच ती ओळखू येणार नसेल तर ती देण्यात अर्थ काय?

कागल भागातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. शेजारचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता आणि चालू घडामोडींसाठी पेपर वाचत होता. त्यानं त्यांच्या माहेरच्या गावची नोटीस म्हणून ती मोठ्यानं वाचली. गट नंबरावरून त्यांना काहीच बोध झाला नाही. पण 'पूर्वेस' म्हणून ज्याचं नाव होतं, तो त्यांच्या वडिलांचा बांधभाऊ. नाव ऐकताच त्या उठून बसल्या. 'माझ्या बाऽचं रान हाय ते. इकाय काढलंय आन् मला कुणी इचारलं बी न्हाई,' एवढंच त्या म्हणाल्या. मुदतीत हरकत गेली आणि खरेदी थांबली. भावांनी बोलणं टाकलं, दिवाळीला माहेराहून येणारं बोलावणं बंद झालं. वाटणीचा दावा चालू आहे. लोक मावशींना म्हणतात, लेकीनं भावाशी असं वागू नये. मला हे पटत नाही. ज्यांनी न सांगता विकायला काढलं त्यांना कुणी काही म्हणत नाही, आणि विचारणारीला सगळे म्हणतात.

कायदा मावशींच्या बाजूचा आहे, आणि तो कालपरवाचा नाही. महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सा दिला, पण 22 जूनच्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशाच्या कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून हा लग्नाचा भेद गेला. वडील त्या तारखेला हयात असायला हवे होते का, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की तशी गरज नाही, हक्क जन्मानं येतो. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर नोंदवलेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. एवढं स्पष्ट असताना आजही माझ्यासमोर 'बहिणींच्या सह्या घेऊन ठेवल्यात' असं सहज सांगितलं जातं.

आता त्या 'अन्यथा' या शब्दाबद्दल. नोटिशीच्या मुदतीत हरकत आली नाही म्हणून कुणाचा खरा हक्क संपत नाही. वकिलानं पेपरात छापलं म्हणून ते कायदा होत नाही. घाबरून जाण्याचं कारण नाही. पण गप्प बसण्याची किंमत असते. खरेदी होते, बांधकाम उभं राहतं, घेणारा म्हणतो मी चौकशी करून, जाहीर करून घेतलं. मग त्याच हिश्श्यासाठी दावा लावायचा आणि पिढी खर्ची घालायची. हिश्श्यातून आपल्याला डावललं हे कळल्यापासून 12 वर्षांची मुदतही चालू होते.

याच पानावर आणखी दोन तऱ्हेच्या चौकटी असतात आणि त्या जास्त गंभीर असतात. एक कोर्टाचं समन्स. प्रतिवादी सापडत नसेल किंवा चुकवत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 20 खाली कोर्ट पेपरातून समन्स काढायला परवानगी देतं. ते वाचलं नाही आणि तारखेला कुणी उभं राहिलं नाही, तर एकतर्फा हुकूमनामा होतो. तो रद्द करून मागता येतो, पण कळल्यापासून 30 दिवसांत. दुसरी चौकट वारस दाखल्याची. 1827 चं मुंबई रेग्युलेशन आठ आजही आमच्या कोर्टांत चालतं. त्याखाली कुणी स्वतःला वारस म्हणून अर्ज केला की जाहीरनामा निघतो आणि हरकतीला महिन्याची मुदत असते. सावत्र भावंडं, परगावी राहणारी बहीण, पहिल्या बायकोची मुलं यांनी ही चौकट पाहिली नाही तर दाखला त्यांना वगळून निघतो.

आता मुलाच्या पानाकडे येतो. इथला फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं इथे पोरं आडनावासारखी लावतात. सामना असला की पेठेतला दुकानदारसुद्धा अर्धं शटर ओढून स्टेडियमकडे निघतो. मीही जातो. मैदानावर चिखल असो, ऊन असो, ही पोरं जीव तोडून खेळतात आणि बहुतेकांना त्यातून पैसा मिळत नाही. पण कधी सामन्यानंतर दोन्हीकडचे समर्थक भिडतात, दगड येतात, आणि दुसऱ्या दिवशी खेळाच्या पानावरची बातमी गुन्ह्याच्या पानावर सरकते. बेकायदा जमाव, भारतीय न्याय संहितेचं कलम 189. नावं, वय, पेठ, सगळं छापून येतं.

त्यातली काही पोरं माझ्या फौजदारी बाजूच्या मित्रांकडे येतात. आई बरोबर असते, हातात त्या बातमीचं कात्रण असतं. कोण दगड मारत होता आणि कोण नुसता तिथे उभा होता हे ठरायला पुढे वर्षं जातात. त्यातला एखादा पुराव्याअभावी सुटतो. सुटल्याची बातमी मात्र मी क्वचितच छापलेली पाहिली आहे. तोपर्यंत पोलीस भरती गेलेली असते, नोकरीसाठीच्या चारित्र्य पडताळणीत गुन्हा दिसलेला असतो, सोयरीक जमवताना कुणीतरी ते कात्रण काढलेलं असतं.

पेपरातल्या बातमीचं कोर्टात वजन किती, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर एका मराठी पेपराच्या निमित्तानंच मिळालं. 1967 च्या निवडणुकीत दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना हरवलं. त्या निवडणुकीला आव्हान दिलं गेलं आणि आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'तला मजकूर त्या खटल्यात वादाचा विषय झाला. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक कायम ठेवली आणि सांगितलं, घटना प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारांनी शाबीत केल्याशिवाय नुसत्या बातमीला पुरावा म्हणून किंमत नाही. कोर्ट जी काळजी घेतं ती गल्लीत कुणी घेत नाही. मुलाला मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. पेपरात नाव आलेला त्याचा एक मित्र आमच्या घरी येतो, जेवतो. त्याचं दार आमच्याकडे बंद होणार नाही, हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

घरचं एक सांगायला हवं, कारण दुसऱ्यांच्या वाटण्या करणाऱ्याला स्वतःच्या घरातली वाटणी टळत नाही. वडील गेल्यावर शिवाजी पेठेतल्या घराला वारस नोंदी लावायच्या होत्या. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं, ताईची हक्कसोड करून घे, नंतर कटकट नको. आई तिथेच बसली होती. ती म्हणाली, 'तिचं नाव राहू दे. तिनं काय मागितलंय का नाही, हा प्रश्नच नाही.' मिळकतपत्रिकेवर आईचं, ताईचं आणि माझं, अशी तिघांची नावं लागली. ताईनं आजवर त्या घरातलं काही मागितलेलं नाही, पण ती येते तेव्हा पाहुणी म्हणून येत नाही.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. चार दशकांच्या मागणीनंतर ते झालं आणि आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. पण जे भांडण नोटिशीच्या आठवड्यातच मिटू शकलं असतं, ते अपिलापर्यंत जावं असं कुठल्याही वकिलानं मनात आणू नये.

म्हणून एवढंच मागणं आहे. जिथे तुमचं माहेर आहे, जिथे तुमच्या आजोबांचं शेत आहे, त्या भागातल्या पेपरचं नोटिसांचं पान वाचा, किंवा गावातल्या कुणाला वाचायला सांगा. नवीन फेरफाराची नोटीस महाभूमीच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघता येते, तिथे हरकतीला 15 दिवस असतात. ओळखीचं नाव दिसलं तर चौकट कापून ठेवा, त्यावर पेपरचं नाव आणि तारीख लिहा. हरकत तोंडी सांगू नका, लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.