पॉज कोण पाठवतंय? डेटा सेंटरच्या स्विचवरचा पीएफसी

भंडारा, तुमसर, साकोलीकडे शिकून नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत कामाला लागणाऱ्या मुलामुलींपुढे आता एआयच्या क्लस्टरचं नेटवर्क येऊ लागलंय. त्यात प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल, म्हणजे पीएफसी, नीट समजून घ्यावाच लागतो. चालू करायला दोन-चार ओळी पुरतात, पण चुकीचा लावला तर एका सर्व्हरच्या दुखण्यापायी अख्खा क्लस्टर रखडतो.

याची गरज का पडली

आरडीएमए तंत्रात एका सर्व्हरच्या मेमरीतला डेटा प्रोसेसरला मध्ये न घेता थेट दुसऱ्याच्या मेमरीत जातो. वेग प्रचंड, पण पॅकेट हरवणं त्याला सोसत नाही. एक पॅकेट गळालं की बरीच नेटवर्क कार्डं त्या पॅकेटपासून पुढचं सगळं पुन्हा पाठवतात.

पुण्याच्या सी-डॅकमधल्या परम सिद्धी-एआय या महासंगणकात इन्फिनिबँड नेटवर्क आहे. तिथे पुढच्या टोकाला जागा असल्याशिवाय पॅकेट सुटतच नाही. इथरनेटची मूळ रीत उलटी: बफर भरला की पॅकेट टाकून द्यायचं. तीच इथरनेट आरडीएमएसाठी वापरायची, याला रॉकी म्हणतात, तर थांबवण्याची सोय हवी. १९९७ च्या ८०२.३एक्स मानकातला पॉज संपूर्ण लिंकच बंद करायचा. २०११ मध्ये आलेल्या ८०२.१क्यूबीबीमुळे, म्हणजेच पीएफसीमुळे, ० ते ७ अशा आठ प्रायॉरिटींपैकी हवी तेवढीच थांबवता येऊ लागली.

थांबवण्याची किंमत

पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाचं बॅकवॉटर भंडारा शहरापर्यंत कसं चढतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाणी अडतं खाली, फुगवटा येतो वर. पीएफसीचंही तसंच. शेवटच्या स्विचने पॉज दिला की त्याच्या वरच्या स्विचचा बफर भरतो, मग तोही आपल्या वरच्याला पॉज देतो. त्या प्रायॉरिटीतला जो डेटा भलत्याच सर्व्हरकडे निघालेला असतो, तोही विनाकारण अडकतो. म्हणून माझं मत ठाम आहे: पीएफसी हा शेवटचा उपाय म्हणूनच ठेवावा. गर्दी होऊ लागल्याची खूण पॅकेटवर करणारा ईसीएन आधी लागू व्हावा आणि पाठवणाऱ्याने वेग आपणहून कमी करावा.

कॉन्फिगरेशन

आठही प्रायॉरिटींवर पीएफसी लावू नका. बफर मर्यादित असतो. एक, फार तर दोन प्रायॉरिटी लॉसलेस, म्हणजे पॅकेट न गळणाऱ्या, ठेवा. बहुतेक ठिकाणी रॉकीच्या पॅकेटला डीएससीपी २६ हा वर्ग-क्रमांक देऊन ते प्रायॉरिटी ३ मध्ये टाकतात आणि गर्दीची सूचना परत नेणाऱ्या सीएनपी पॅकेटला ४८ देऊन प्रायॉरिटी ६ मध्ये. स्विचने डीएससीपीवर विश्वास ठेवायला हवा. ते राहिलं तर सगळं प्रायॉरिटी ० मध्ये जाऊन पडतं आणि पीएफसी चालू दिसूनही काही करत नाही.

सर्व्हरची बाजू हमखास विसरली जाते. एनव्हिडियाच्या कार्डावर कोणत्या प्रायॉरिटीला पीएफसी आहे, हे ०,०,०,१,०,०,०,० असं लिहितात. मोजणी शून्यापासून असल्यामुळे चौथ्या जागेवरचा १ म्हणजे प्रायॉरिटी ३. हा एक इकडचा तिकडे झाला तर स्विच एका प्रायॉरिटीला पॉज देतो आणि सर्व्हर दुसऱ्याच प्रायॉरिटीकडे लक्ष ठेवून बसतो.

हेडरूमचा हिशेब

पॉज पाठवला की समोरचा त्याच क्षणी थांबत नाही. तोवर येणाऱ्या डेटासाठी राखलेली जागा म्हणजे हेडरूम. १०० मीटर फायबर धरा. प्रकाशाला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन १ मायक्रोसेकंद. तेवढ्यात १०० गिगाबिटच्या लिंकवरून १२,५०० बाइट येतात. शिवाय आपल्याकडे पाठवायला निघालेली एक मोठी फ्रेम संपेपर्यंत पॉज खोळंबतो आणि समोरही एखादी फ्रेम अर्ध्यावर असते. ९,२१६ बाइटची फ्रेम धरली तर बेरीज सुमारे ३१ हजार बाइट होते, आणि समोरच्याला पॉज समजून घ्यायला लागणारा वेळ वेगळाच. लिंक ४०० गिगाबिटची केली की नुसता केबलचा वाटाच ५०,००० बाइटवर जातो. म्हणून केबलची लांबी किंवा लिंकचा वेग बदलला की हेडरूम पुन्हा मोजा.

काउंटर वाचताना

पोर्टवर दोन आकडे दिसतात: पाठवलेले पॉज आणि मिळालेले पॉज. नुसत्या एकूण आकड्यावरून काही कळत नाही. दर सेकंदाला किती वाढतात आणि ट्रॅफिक किती वेळ थांबून राहतं, हे पाहा.

मग माग काढा. एखाद्या स्विचच्या पोर्टवर पॉज मिळत असतील तर त्या पोर्टच्या पलीकडच्या यंत्रावर जा. त्यालाही दुसऱ्या पोर्टवर पॉज मिळत असतील तर आणखी पुढे. जो स्विच पॉज पाठवतोय पण ज्याला कुठूनच मिळत नाहीत, गर्दी तिथेच आहे. बहुधा अनेक सर्व्हर एकाच सर्व्हरवर एकदम डेटा लोटत असतात. माग थेट सर्व्हरपर्यंत गेला, तर त्याचं कार्ड डेटा वेळेत उचलत नाही असं समजा. अशा वेळी स्विचची सेटिंग कितीही बदलली तरी फरक पडत नाही. लॉसलेस रांगेत ड्रॉप दिसले, तर पहिला संशय हेडरूमवर घ्या.

वॉचडॉग

बिघडलेलं एकच कार्ड सतत पॉज पाठवत राहिलं तर काय होतं, हे मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ च्या सिगकॉम परिषदेतल्या निबंधात मांडलं आहे. पॉजचं वादळ पसरत जातं आणि त्या कार्डाशी काहीही संबंध नसलेले सर्व्हरही बंद पडल्यासारखे होतात. यावर उपाय वॉचडॉग. एखादी रांग ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त, उदाहरणार्थ २०० मिलिसेकंद, अडकून राहिली की तो त्या रांगेतली पॅकेट टाकून देतो आणि बाकीचं नेटवर्क मोकळं करतो. वॉचडॉगविना पीएफसी चालू करू नये.

क्लस्टर वापरायला देण्याआधी अनेक सर्व्हरांवरून एकाच सर्व्हरवर एकदम डेटा सोडून पाहा. ईसीएनच्या खुणा पॉजच्या आधी दिसल्या पाहिजेत, लॉसलेस रांगेतले ड्रॉप शून्य राहिले पाहिजेत आणि चाचणी थांबली की पॉजही थांबले पाहिजेत. यातलं एकही जमलं नाही, तर तो क्लस्टर अजून कुणाच्या हाती देऊ नका.